रिकामी गाडी वाजत नाही

बेकरीच्या मागच्या दारात अंडेवाल्याने खोक्याचं झाकण उचललं आणि भुशात हात घातला. वरचा थर कोरडा होता. मधलाही कोरडा. तळाला मात्र बोटं एकदम गार, चिकट अशा कशात तरी रुतली. हात बाहेर काढला तर कोपरापर्यंत पिवळा.

बेकरीवाला पिठाचे हात कमरेवर ठेवून बघत होता. म्हणाला, "हे काय, केक रस्त्यातच करायला घेतलास का?"

अंडेवाला हसला. हसण्यावारी न्यायचं म्हणून हसला. लग्नाच्या आधीपासून तो या दारात अंडी आणत होता. एखाददुसरं तडकायचं, त्याचं कोणाला काही वाटायचं नाही. अख्खा तळ फुटलेला त्याने आजवर पाहिला नव्हता. रस्ता तोच होता, खोका तोच, भुसा तोच, कोंबड्या त्याच. भरणारे हातही तेच.

बदललं होतं ते एवढंच, की आदल्या दिवशी मोटरसायकल शोरूममधून सर्व्हिसिंग होऊन आली होती. नाक्यावरचा मिस्त्री दुकानाला कुलूप लावून दूर कुठे तरी कामाला गेला, तेव्हापासून गाडीला हात लावणारं जवळपास कोणी उरलं नव्हतं. म्हणून हा मोठ्या हौसेने काचेच्या दारांच्या शोरूममध्ये गेला होता. गाडी परत मिळाली ती धुऊनपुसून, नवरीसारखी. पण सीटवर ग्रीसचा अख्खा पंजा उमटलेला, एका आरशाने मान टाकलेली आणि बाजूच्या पत्र्याचा स्क्रू गायब. त्याने दाखवलं तेव्हा काउंटरवरचा टाय बांधलेला माणूस म्हणाला होता, "होऊन जाईल." कधी, कसं, कोण करणार, ते काही बोलला नव्हता. आणि सकाळी खडीच्या पट्ट्यावरून येताना सीटखाली काहीतरी 'खट' करून वाजलं होतं. पत्रा असेल सैल, असं म्हणून अंडेवाल्याने ते सोडून दिलं होतं.

घरी खोका धुताना त्याची आई ओट्यावर बसून बघत होती. गुडघे धरल्यापासून तिचं जग ओट्याएवढं झालं होतं, पण जीभ अजून शेतभर फिरायची.

"उन्हाळ्यात कवच पातळ पडतं," ती म्हणाली. "पण आम्ही भरायचो तेव्हाही उन्हाळे होतेच म्हणा."

बायको कोंबड्यांच्या शेडमधून पाण्याच्या बादल्या रिकाम्या करून येत होती. तिने ऐकलं, पण उत्तर नवऱ्याला दिलं. "अहो, काल गाडी आली आणि आज अंडी फुटली. मधे काय झालं ते बघा ना. भुसा काय आज पहिल्यांदा भरला मी?"

ते खरं होतं. अंडी भरायला तिच्यासारखा हात नव्हता. दोन अंडी एकमेकांवर अलगद वाजवून बघायची, आवाज बसका आला की ते अंडं बाजूला. निमुळतं टोक खाली, मधे मूठभर भुसा, वरून हाताच्या पाठीने हलकेच दाब. दाबायची ती अशी, की जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण सारखं करावं. लोक पुठ्ठ्याच्या ट्रेमधून अंडी न्यायचे. ती म्हणायची, "ट्रेमधे अंडी बसतात. भुशात निजतात." भरताना ती कोणाशी बोलायची नाही. सासूला तिचं ते न बोलणं पहिल्यापासून खुपायचं. हे काम आधी सासूचं होतं.

त्या दिवशी दोन्ही वेळच्या जेवणात अंडीच होती.

दुसऱ्या दिवशी अंडेवाल्याने मनाशी ठरवून सगळंच बदललं. चाकांतली हवा थोडी कमी केली. खडीचा पट्टा टाळून कालव्याकडच्या रस्त्याने गेला. गाडी इतकी हळू चालवली, की सायकलवाले मागे वळून बघत पुढे गेले. खोक्याखाली गोणपाट घातलं. बेकरीत झाकण उघडलं तर अंडी फुटलेलीच होती, पण कालच्यापेक्षा कमी. आता कमी फुटली ती हवेमुळे, रस्त्यामुळे, वेगामुळे, की गोणपाटामुळे? एका दमात चार उपाय केले आणि कोणाचा गुण आला ते कळायची सोय ठेवली नाही. त्याला स्वतःचाच राग आला. त्यात उशीर झाल्यामुळे बेकरीवाल्याने भट्टीसमोरून नुसती मान हलवली.

येताना गाडी रिकामी होती. मुद्दाम खडीवरून घातली. खट नाही, काही नाही. लोण्यावरून चालल्यासारखी गेली.

तिसऱ्या दिवशी तो खोक्यासकट शोरूमवर गेला. भरलेला खोका बघताच गेटवरचा माणूस आडवा आला.

"माल उतरवा. मालासकट गाडी आत घेत नाहीत."

"अहो, पण मालासकटच वाजते ती."

"ते आत सांगा. माल इथे ठेवा."

खोका गेटपाशी सावली बघून ठेवला आणि रिकामी गाडी ढकलत तो आत गेला. आत जमीन अशी गुळगुळीत, की चपलेचा आवाजसुद्धा मोठा वाटावा. टायवाल्याने गाडीवर बसून आवारात दोन चकरा मारल्या, ब्रेक दाबला, हँडल हलवलं, आणि उतरला.

"कुठे आहे आवाज, दादा?"

"इथे नाही यायचा. खडीवर येतो. ओझं असलं की येतो."

"आम्हाला तर आला नाही."

"ओझं ठेवू द्या ना मग. खोका बाहेरच आहे."

"तसं चालत नाही. काही सांडलं-बिंडलं तर जबाबदारी कोणाची?" टायवाला शांतपणे बोलत होता. त्याच्या शांतपणानेच अंडेवाल्याला घाम फुटला. "तुम्ही एक काम करा. तुम्ही बसा गाडीवर आणि मला आवाज ऐकवा."

अंडेवाल्याने फेरी मारली. कान सीटखाली लावून मारली म्हटलं तरी चालेल. गाडी गुणी बाळासारखी गप्प. रांगेत बसलेले दोघेतिघे बघत होते. आपण कशाची तक्रार घेऊन आलो आहोत, हेच क्षणभर त्याला आठवेना.

"नेता काय तुम्ही गाडीवर?" टायवाल्याने विचारलं.

"अंडी."

"आणि भरतं कोण?"

"बायको."

"मग घरी विचारा की," टायवाला म्हणाला, आणि रांगेतले लोक खळखळून हसले. अंडेवालाही हसला. का हसला ते त्याला पुढे किती तरी दिवस कळलं नाही. चार लोक हसत असताना एकट्याने गप्प राहायला जे लागतं, ते त्या वेळी त्याच्या अंगात नव्हतं.

आरशाची मान मात्र त्यांनी सरळ करून दिली. गेटबाहेर पडल्यावर कळलं, की डावीकडचा इंडिकेटर बंद पडलाय. एक शिवायला दिलं तर दुसरं उसवून द्यायचं, अशी ती जागा.

परत जाऊन सांगावं असं वाटलं. पण गेटपाशी ठेवलेल्या खोक्यावर एव्हाना ऊन आलं होतं.

संध्याकाळी जेवताना तो म्हणाला, "एकदा भरताना जरा घट्ट भरून बघतेस का?"

बायकोचा घास हातातच राहिला. "म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. शोरूमवाले म्हणाले, गाडीत काही दोष नाही."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. आई भिंतीला टेकून म्हणाली, "काय म्हणणार तो? शिकलेली माणसं खोटं कशाला बोलतील? नाचता येईना, अंगण वाकडं."

बायकोने घास खाल्ला. उठली, ताट धुतलं आणि दिवा घेऊन शेडकडे गेली. तिथे त्या वेळी काही काम नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने घट्ट भरली. सासू पायरी पायरी करत ओट्यावरून उतरली आणि समोर पाटावर येऊन बसली. "एवढा का भुसा? एवढाच का? टोक नीट खाली घाल. माझ्या वेळी आम्ही..." बायको नेहमीप्रमाणेच बोलत नव्हती, पण आजचं न बोलणं वेगळं होतं. एक अंडं तिच्या हातून निसटलं, जमिनीवर पडलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. सासूने फक्त सुस्कारा सोडला.

बेकरीत खोका उघडला तर निम्मा माल गेला होता.

बेकरीवाल्याने या वेळी थट्टा केली नाही. त्यामुळे अंडेवाला जास्त घाबरला. "हे बघ," बेकरीवाला म्हणाला, "तुझा माझा संबंध जुना आहे म्हणून सांगतो. व्हॅनवाला रोज येऊन विचारतो. ट्रेमधून आणतो, एक फुटत नाही. मी त्याला अजून हो म्हटलेलं नाही. पण माझ्या भट्टीला तुझी अडचण कळत नाही रे."

बेकरी गेली असती तर शेड गेली असती. दुकानं चार-चार अंडी घेणारी, त्यांच्यावर एवढ्या कोंबड्या पोसायच्या कशा? घरी येताना त्याच्या डोक्यात नुसता भुसा झाला होता. गाडी म्हणावी तर रिकामी वाजत नाही. हात म्हणावा तर तो त्याने इतकी वर्षं पाहिलेला. कवच म्हणावं तर उन्हाळा दरवर्षीचा. ज्याच्यावर बोट ठेवावं ते निर्दोष निघत होतं, आणि अंडी मात्र फुटत होती.

तो दारात आला तेव्हा बायको शेडमधून बाहेर आली. त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि काय झालं ते विचारलंच नाही.

"उद्यापासून मी भरणार नाही," ती म्हणाली. "कोंबड्यांचं सगळं करीन. घाण काढीन, पाणी भरीन. खोक्याला हात लावणार नाही."

"अगं, मी कुठे म्हटलं..."

"तुम्ही म्हटलं नाहीत. हेच तर."

त्याने मग शेवटचा उपाय केला. गाडी शोरूममध्ये नेऊन टाकली. "ठेवून घ्या. पूर्ण खोला. आवाज सापडेपर्यंत देऊ नका." टायवाल्याने खांदे उडवले, गाडी ठेवून घेतली. अंडेवाला शेजाऱ्याच्या टेम्पोला लटकून घरी आला. दोन दिवस माल नेताच आला नाही. अंडी ओल्या फडक्याखाली झाकून ठेवली, बेकरीवाल्याला निरोप धाडला. घरात तिघं होती, पण बोलणं कोंबड्यांचंच ऐकू यायचं.

गाडी मिळाली ती पुन्हा धुऊनपुसून. टायवाला म्हणाला, "काही निघालं नाही."

"म्हणजे तुम्ही काहीच केलं नाही?"

"चेक केली. ओके आहे."

सकाळी आईने पदर खोचला. "आज मी भरते," म्हणाली, आणि गुडघे पुढे पसरून, कण्हत-कुथत तिने खोका भरला. हात थरथरत होते. भुसा कुठे जास्त, कुठे कमी. अंडी कशीही आडवी-तिडवी. हे बघून अंडेवाल्याने मनातल्या मनात बेकरीवर पाणी सोडलं.

आणि बेकरीत एकही अंडं फुटलेलं निघालं नाही.

बेकरीवाल्याने स्वतः भुसा उपसून तळापर्यंत बघितलं. "वा! कोणी भरली आज?"

"आईने."

"जुनं ते सोनं," बेकरीवाला खूश होऊन म्हणाला, आणि अंडेवाल्याला आनंद व्हायच्या ऐवजी कसंसंच झालं. खडीच्या पट्ट्यावर तो आज मुद्दाम कान देऊन आला होता. भरलेली गाडी वाजली नव्हती. खट म्हणून नाही. त्यांनी काहीतरी केलं होतं. काहीतरी सुटलेलं बसवलं होतं, तुटलेलं बदललं होतं, आणि वर पाणी मारून कानावर हात ठेवले होते. त्याने बेकरीच्या दारातच गाडीखाली वाकून बघितलं. सगळं सारखंच स्वच्छ. चोराने जाताना घर झाडून जावं तसं.

की नव्हतंच काही? की खरंच आईचा हात? आडव्या-तिडव्या भरलेल्या अंड्यांचं काय मग?

घरी आईने बातमी ऐकली आणि मोठ्याने म्हणाली, म्हणजे शेडपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने, "एक फुटलं नाही? मी म्हटलं नव्हतं?" शेडमधून बादली आपटल्याचा आवाजसुद्धा आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं. पण भरताना आईची कंबर धरली होती, संध्याकाळी तिला उठून बसता येईना. उद्याचा खोका समोर होता.

तो तसाच शोरूमवर गेला.

"आता काय?" टायवाला म्हणाला.

"गाडी बरी झाली."

"मग?"

"काय झालं होतं तिला? तेवढं सांगा."

टायवाल्याने त्याच्याकडे नीट बघितलं. "दादा, गाडी चांगली चालतेय ना?"

"हो."

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार नाही. नुसतं तोंडाने सांगा. एखादा बोल्ट सैल राहिला होता, एखादं रबर घालायचं राहिलं होतं, काय असेल ते. मी भांडायला आलो नाही. कोणाला सांगणार नाही. घरी सांगायचंय फक्त."

"घरी?"

"बायकोला."

रांगेतलं कोणीतरी फस्सकन हसलं. या वेळी अंडेवाला हसला नाही.

टायवाला जरा घुटमळला. क्षणभर वाटलं, बोलेल. मग त्याने मागे मालकाच्या काचेच्या खोलीकडे बघितलं, टाय सारखा केला आणि म्हणाला, "आम्ही काही केलंच नाही, तर सांगणार काय? गाडीत दोष नव्हताच."

"ज्याने खोलली त्याला विचारू का?"

"तो आज आला नाही."

अंडेवाला बाहेर आला. मालकाचं राज्य मालकाला लखलाभ, पण एक शब्द द्यायला यांच्या बापाचं काय जात होतं? चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फास आवळणारे हात आपलेच. घरचा रस्ता त्याने कधी कापला ते त्याला कळलं नाही. उतरणीला लागला तेव्हा मात्र त्याचं ठरलं होतं.

आई आत पडून होती. बायको अंडी वेचून आणून दारात ठेवत होती. खोका, भुशाचं पोतं, सगळं तिथेच होतं. ती फक्त भरायला बसत नव्हती.

"शोरूमवाल्यांनी कबूल केलं," तो मोठ्याने म्हणाला, आतही ऐकू जाईल असं. "दोष गाडीचाच होता."

आतून आईचं कण्हणं थांबलं.

बायको टोपली हातात घेऊन उभी राहिली. "काय होतं?"

"रबर. मागच्या शॉकअपचं रबर. घालायचंच विसरले होते. लोखंडावर लोखंड आपटत होतं ओझं पडलं की." बोलता बोलता त्यालाच ते इतकं पटलं, की आवाज चढला. "माफी मागितली त्यांनी. टायवाला स्वतः म्हणाला, घरच्यांना सांगा, चूक आमची."

तिने टोपली खाली ठेवली. तिचा चेहरा उजळेल असं त्याला वाटलं होतं.

"आणि त्यांनी कबूल केलं नसतं तर?"

"तर काय?"

"तर हात माझाच वाईट होता. असंच ना?"

नाही म्हणायला हवं होतं. कोणीही शहाणा माणूस चटकन नाही म्हणाला असता. वाटेत त्याने सगळ्याची तयारी केली होती, रबराची, माफीची, टायवाल्याच्या शब्दांची; या प्रश्नाची केली नव्हती. इतके दिवस त्याने हवेवर संशय घेतला, रस्त्यावर घेतला, कोंबड्यांवर घेतला, आणि जिच्याबद्दल साक्ष द्यायची तिच्याबद्दल मात्र शोरूममध्ये विचारत फिरला.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "त्यांनी कबूलही केलं नाही. रबराचं मीच जुळवलं."

"ते कळलं मला," ती म्हणाली. "माफी मागितली म्हणालात ना, तेव्हाच."

ती रडली नाही, भांडली नाही. तिने भुशाचं पोतं ओढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. खोका ठेवला. अंड्यांची टोपली ठेवली. आणि सासू त्या दिवशी बसली होती त्याच पाटावर, त्याच्या समोर, हात मांडीवर ठेवून बसली.

"भरा," ती म्हणाली. "मी बघते."

तो उकिडवा बसला. तळाला भुसा घातला, हाताने सारखा केला. पहिलं अंडं उचललं. निमुळतं टोक कुठलं, ते रोज बघूनही त्याला क्षणभर कळेना. नजर कडक नव्हती तिची. नुसती हातावर होती. त्याने अंडं भुशात ठेवलं, परत काढलं, फिरवून ठेवलं. दुसरं घेतलं. बोटांना घाम आला होता. अंडी भरताना इतकी जड लागतात, हे त्याला आजच कळत होतं.

एकही अंडं त्याच्या हातून निसटलं नाही. पण आता निसटेल, आता निसटेल, असं त्याला शेवटचा थर भरेपर्यंत वाटत राहिलं.